शोभाबाईनं मला सांगितलेलं

वकिली का सोडली, असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं. कोर्टात एका वेळी एकाच माणसाची बाजू मांडता येते, वर्तमानपत्रात अनेकांची — असं मी म्हणते. लोकांना ते आवडतं. मलाही आवडतं. पण त्या उत्तरामागे जे आहे ते मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. वडनेरला आई होती तोवर तिलाही नाही. तुम्हाला सांगते. कसं सांगावं, ते मात्र अजून नीट कळत नाही.

तालुक्याच्या कोर्टात मी बरीच वर्षं पोटगीच्या केसेस चालवल्या. शोभाबाई त्यातलीच एक अशील. हे तिचं खरं नाव नव्हे आणि गावही सांगणार नाही — एवढं तरी आता शिकले आहे. नवऱ्यानं मारून घराबाहेर काढलेलं. सोबत एकुलती एक पोरगी, शाळेत जाणारी.

वकिलापासून काही लपवू नका, इथलं बाहेर जात नाही — हे मी प्रत्येकीला म्हणायचे. तिलाही म्हटलं. तिनं पोरीला बाहेर बाकावर बसायला लावलं आणि खाली बघत बोलली.

"मॅडम, ही लहान होती तवा मी हिले पाठीशी बांधलं अन् विहिरीवर गेली. जीव द्याले."

विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबत होते. ते बघून पोरगी पाठीवर हसायला लागली. शोभाबाईचे पाय तिथंच थिजले, मग माघारी वळले.

"हे कोर्टात नका आणू. पोरीले वाटते, मी तिले खोपे दाखवाले नेलं होतं. जो भेटला त्याले कौतुकानं सांगत राह्यते."

(ते खोपे नव्हते. दुसरं काही होतं. तिची ओळख पटू नये म्हणून निदान या वेळी मी ते झाकून ठेवते आहे.)

कोर्टात मी ते आणलं नाही. पोटगी मिळाली. ती आपल्या भावाच्या गावी राहायला गेली.

पुढं काही वर्षांनी मी जिल्ह्याच्या एका वर्तमानपत्रात कोर्टाविषयी लिहायला लागले. वकिली अजून पुरती सुटली नव्हती, एक पाय इकडे, एक तिकडे. माझं लिहिणं कुणी वाचत नव्हतं. संपादक एकदा म्हणाले, "मॅडम, यात कायदा आहे, माणूस कुठाय?" त्या रविवारी मी लिहायला बसले आणि शोभाबाई आठवली. आपोआप आठवली का? नाही. मी शोधत होते आणि ती सापडली.

तिला विचारावं, हे मनात आलं होतं. हेच मला सांगायचं आहे — ते मनात आलं होतं. तिचा नंबर माझ्याकडे होता, फोन हातात होता. मी लावला नाही. का? ती नाही म्हणाली असती, हे मला ठाऊक होतं.

नाव बदललं, गाव बदललं. खोपे ठेवले. त्यांच्यावाचून लेखात जीव नव्हता — असं मला वाटलं.

लेख गाजला. कधी न बोललेल्या माणसांचे फोन आले. दर आठवड्याला लिहा, असं सांगणं आलं आणि मी काळा कोट कायमचा उतरवला.

मग एका दुपारी शोभाबाई दारात उभी राहिली. पोरगी आता कॉलेजात होती. वर्गात सरांनी माझा लेख वाचून दाखवला होता. पोरीनं घरी येऊन तिला एवढंच विचारलं होतं — आई, तू मला खोपे दाखवायला नेलं होतं ना?

मी पाणी दिलं. तिनं पेला हातातच धरून ठेवला.

"मॅडम, ते माह्यावरच लिहलं का तुमी?"

"नाही हो," मी म्हटलं. "दुसरीच बाई आहे ती. अशा कितीतरी येतात आमच्याकडे."

"तिथंबी खोपेच होते?"

"हो."

तिनं माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. "असतीन," म्हणाली आणि चप्पल घालून निघून गेली. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला का? तेव्हा मी स्वतःला सांगितलं, ठेवला असेल. बरं झालं, असंही वाटलं. असं वाटलं मला.

गेल्या उन्हाळ्यात मलकापूरच्या स्टँडवर ती दिसली. तिनंच हाक मारली, पिशवी उचलून बाकावर मला जागा करून दिली. मी पोरीचं विचारलं.

"लगन झालं. येत नाही आता घरी."

"काऊन?" 'का'च्या जागी इतक्या वर्षांनी माझ्या तोंडून आईची बोली निघाली.

"तवा मी तिले म्हणलं, मॅडमले विचारून आली, ते दुसऱ्या बाईचं हाय. ती म्हणे, आई, खरं सांगितलं असतं तर मी तुह्या गळ्यात पडून रडली असती. पण तू आजबी खोटंच बोलून राह्यली."

म्हणजे खरं बोलायची वेळ शोभाबाईवर आली होती. पोरगी ऐकायला तयार होती. आणि मी माझी अब्रू वाचवायला जे खोटं बोलले, तेच घेऊन ही माउली घरी गेली होती.

तिच्या आवाजात राग नव्हता. मला ऐकवावं असंही काही नव्हतं. विचारलं म्हणून सांगितलं, इतकंच. तिची बस लागायला अजून अवकाश होता. बोलायला भरपूर वेळ होता. मी तिला उन्हाचं विचारलं, तब्येतीचं विचारलं, भावाच्या शेतीचं विचारलं. मग बस आली. मी तिची पिशवी दारापर्यंत नेऊन दिली आणि ती चढली.