दादारावांचं बुडीत साल

"साहेब, ह्ये गेले..." गयावहिनींचा फोन आला तेव्हा मी पूजेला बसलो होतो. एवढंच बोलून त्यांनी फोन शेजारणीकडे दिला. दादाराव चहा घेऊन दारात बसले होते, बसल्याबसल्याच मान कलली, असं तिनं सांगितलं. त्याला आता दीड महिना झाला.

वाळूजच्या एका कारखान्यात आम्ही सव्वीस वर्षं बरोबर काढली. ते मशीनवर, मी हिशेब खात्यात. ते पाचोडकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. मी कारकुनांच्या घराण्यातला. निवृत्तीला सात-आठ वर्षं उरली तेव्हा दोघांच्याही मनात एकच आलं, एखादी जागा घेऊन भाड्यानं द्यावी. वेरूळच्या रस्त्यावरचा एक फ्लॅट मला भावला होता. बिल्डरनं सांगितलेल्या भाड्यावरून मी दहा वर्षांचं उत्पन्न मांडलं आणि कागद मोठ्या ऐटीत दादारावांपुढं ठेवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. "साहेब, भाडं किती येईल ते समदेच सांगतेत. किती महिने येणार नाय, ते कुठं लिव्हलंय?" मी हसलो. तर म्हणाले, "कळप कितीबी वाढला तरी माझा बाप एक साल बुडीत धरायचा. रोगराई काय सांगून येती व्हय?"

स्वतःसाठी त्यांनी कारखान्यांजवळच्या रांजणगावात चार खोल्या शोधल्या. मला दाखवायला नेलं ते ऐन मे महिन्यात, भर दुपारी. मालक कुलपं उघडून उभा, आणि हे थेट नळावरच्या बायांकडे! पाणी कितव्या दिवशी येतं, पावसात कुठं गळतं, आधीचं बिऱ्हाड का गेलं... तासभर विचारत राहिले. मला तेव्हा कंटाळा आला होता. त्यांनी कर्ज काढून खोल्या घेतल्या, मी फ्लॅट घेतला. माझा पहिला भाडेकरू वर्षात गेला, मग अकरा महिने दाराला कुलूप, वर सोसायटीचा खर्च. शेवटी विकून जेमतेम मुद्दल सुटलं.

दादारावांचं बरं चाललं होतं. मग कोरोनाची टाळेबंदी आली. कामगार गावी निघून गेले, चारपैकी तीन खोल्या रिकाम्या झाल्या. चौथीत एक बाळंतीण होती. तिच्याकडं त्यांनी भाडं मागितलं नाही. गाठीला ठेवलेली पुंजी वर्षभर पुरली, हप्ते मात्र उरले. पुण्यातला मुलगा म्हणाला, खोल्या विका. त्याऐवजी दादारावांनी गारखेड्यातलं राहतं घर भाड्यानं दिलं आणि बिऱ्हाड उचलून रांजणगावच्या एका खोलीत आणलं. वहिनी आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मी गेलो तेव्हा त्यांनी माझ्यापुढं कोरा चहा ठेवला आणि पदर डोळ्यांना लावला. "लोक काय म्हणत असतील, साहेब..." दादाराव ओशाळून म्हणाले, "चुकलंच माझं. आधी हिला इचारायला पायजे होतं." त्यांना इतकं खाली मान घातलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

कारखाने सुरू झाले तसे जुने भाडेकरू फोन करू लागले. मालक तिथंच राहतो, अडीनडीला आहे, हे सगळ्यांना ठाऊक झालं होतं. खोल्या भरल्या, पुढं कर्जही फिटलं. दादाराव परत गारखेड्याला निघाले, तर वहिनीच अडून बसल्या! शेजारची पोरं त्यांच्या हातची भाकरी खाऊन शाळेत जायची, त्यांना सोडून कुठं जायचं?

परवा मी गेलो तेव्हा मुलगा आला होता. आता तरी विकू या, चांगला भाव आलाय, तू पुण्याला चल, असं तो आईला समजावत होता. आईबाप राहत होते त्या खोलीवरून त्यानं हात फिरवला. "ही तर रिकामीच होणार ना, आई?"

वहिनी परातीत पीठ घेऊन बसल्या होत्या. वर न बघता म्हणाल्या, "रिकामी कशानं? मी हाय की हितं." आणि दारात घुटमळणाऱ्या दोन पोरांना त्यांनी आत बोलावलं.