दाखवायला ठेवलेलं पोरगं

मला कापसाच्या काट्यावर बसवलं होतं. सदरा काढून.

शाळेपुढच्या लिंबाला पाटलांचा काटा टांगलेला. एका पारड्यात मी, दुसऱ्यात लोखंडी वजनं. पाटलांनी काठीचं टोक माझ्या बेंबीत रुतवलं आणि जीपमधून आलेल्या साहेबांना म्हणाले, "पाहा सायेब, दुष्काळातबी डुक्कर पोसलं आम्ही."

सगळे हसले. मीही हसलो. वजन जास्त भरावं, मास्तर खूश व्हावेत, म्हणून मी सकाळी तांब्यावर तांबे पाणी पिऊन आलो होतो. काठी रुतली आणि चड्डी ओली झाली.

"गळते बे हे," पाटील म्हणाले. पुन्हा हशा.

त्या साली शाळेत सुकडी मिळायची. गोड, तेलकट पीठ. पोत्यानं यायची आणि उतरायची पाटलांच्या गोठ्यात. तिथून उरलेली शाळेत. पण दर महिन्याला तपासणीला साहेब यायचे, त्यांना एक तरी गुटगुटीत पोर दाखवावं लागे. हेडमास्तरांनी मला निवडलं. गाल मुळातच मोठे, आणि खायला लाज नाही. इतरांना मूठभर, मला परात. सगळ्यांदेखत. नको म्हटलं तर मास्तर डोक्यावर उभे, "गिळ बे." खरं सांगतो, नको मी फार कमी वेळा म्हणालो. वर्षभरात मांड्या एकमेकींना घासू लागल्या, चार पावलं धावलो की धाप. त्या साली गावात दोनच जीव फुगले. मी आणि पाटलांची म्हैस. चारा एकच.

आई दुष्काळी कामावर गिट्टी फोडायला गेली, तर मुकादम म्हणाला, "तुह्या पोराले पाह्य. घरात धान्याचं पेव लपवलं काय?" तिला परत धाडलं. ती मला रागावली नाही. एवढंच म्हणाली, "शाळेतच खाऊन येत जाय. घरी काई नाई." खाल्लं तर आईला काम नाही, न खाल्लं तर उपाशी. मी खात राहिलो.

धाकटी बहीण कमळी पहिलीत होती. साहेब यायच्या दिवशी तिच्यासारखी काटकुळी पोरं मास्तर कडेच्या खोलीत कोंडत. आधीच्या तीन खेपांना बाहेरून कडी मीच लावली होती. लाडका ना मी.

त्या दिवशी पारड्यात ओला बसलेलो असताना त्या दाराच्या फटीत मला एक डोळा दिसला. कमळीचा.

साहेबांनी विचारलं, "काय खातोस रे बाळ?"

पढवलेलं उत्तर तयार होतं: आम्ही सगळे पोटभर खातो. तोंडातून निघालं भलतंच. "मी चार जणायचं खातो सायेब. माही बहीण कडेच्या खोलीत कोंडली हाये. तिलेबी तोला."

साहेबांनी खोलीकडे पाहिलं. घड्याळाकडे पाहिलं. पाटलांच्या घरून आलेल्या चहाकडे पाहिलं. चहा प्यायले. जीप गेली.

मग छडी. ती सांगत बसत नाही. कडी निघाल्यावर कमळी बाहेर आली आणि म्हणाली, "काऊन बोलला रे दादा? आता तुहंबी गेलं."

पण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी माझी परात आणखी उंच भरली. "खाय. अन् तोंड बंद ठेव."

मोठा बाणेदारपणा सांगण्याजोगा नाही माझा. पहिला घास मी खाल्लाच. दुसराही. तिसरा तोंडाशी आला तेव्हा पुढची रांग माझ्या हाताकडे बघत होती. मी परात उचलली, शेवटच्या रांगेत नेली, कमळीच्या आणि तिच्या शेजारच्या पोरांच्या मधोमध ठेवली. "खा बे," म्हणालो.

मास्तरांनी कान धरून मला बाहेर काढलं. "पुढच्या खेपेले तूबी त्याच खोलीत."

मी पायरीवर बसलो. पोटात आग पडली होती. खोलीत कोंडली जाणारी पोरं एकेक आठवून मी नावं म्हणू लागलो, बापाच्या नावासकट. चुकलो की पुन्हा पहिल्यापासून. मला पाढे कधी पाठ झाले नाहीत. ही नावं संध्याकाळपर्यंत झाली.

खोलीचं दार फळकुटाचं होतं. आतून ओरडलं तर जीपपर्यंत ऐकू जाणार होतं.