डॉक्टरबाईंच्या गाडीचं हूड

आधीच सांगून टाकतो — भूत, करणी, भानामती यातलं मला काही पटत नाही. वैरागला आमच्या रानात रात्री पिकाला पाणी द्यायला मी एकटा जायचो. ज्या झाडाखालून जायला गडीमाणसं भ्यायची, त्याच झाडाच्या बुंध्याला टेकून बिडी ओढत बसायचो. त्यामुळं इथले इतरांचे अनुभव वाचताना मी गालातल्या गालात हसतो, राग मानू नका. पण माझ्याकडंही एक गोष्ट आहे... ती अमावस्येची नाही की स्मशानातली नाही. मे महिन्यातल्या भर दुपारची, सोलापूर शहरातली आहे. आणि तिच्यात कुणी मेलेलंही नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी विजापूर वेशीजवळ गफूर उस्तादांच्या दुकानात कामाला होतो. दुकान म्हणजे पत्र्याचं शेड. ट्रकच्या सीटा, टांग्यांची टपं, जीपची हूडं — जे काही कापडानं किंवा रेक्झिननं मढवायचं असतं ते सगळं आमच्याकडं. उस्ताद कापायचे, त्यांच्या बायको, हलीमाचाची, घरी मशीनवर शिवून द्यायच्या आणि बसवायचं काम उस्ताद आणि मी असे दोघं करायचो.

उस्तादांचं काम बघत राहावं असं होतं. मूठभर चुका — म्हणजे बारीक काळे खिळे — ते तोंडात टाकायचे. जिभेनं एकेक चूक फिरवून डोक्याकडून ओठांवर आणायची, हातोडीच्या लोहचुंबकाला ती चिकटवायची आणि टक-टक, दोन ठोक्यांत आत. एका हातानं कापड ताणलेलं, दुसऱ्या हातात हातोडी, आणि डोळे भलतीकडंच! संध्याकाळी जीभ काळीभोर व्हायची. मीही एकदा हौसेनं चुका तोंडात धरून बघितल्या आणि एक गिळून बसलो. चाचींनी मला दोन दिवस नुसती केळी चारली. त्यानंतर मी त्या वाटेला गेलो नाही. माझ्या चुका कायम डब्यात.

तोंड भरलेलं, त्यामुळं काम करताना उस्ताद बोलत नसत. कापडातूनच बोलायचे. ते मागं, मी पुढं, मधे ताणलेलं हूड. त्यांनी कापडाला दोनदा बारीक झटका दिला की मी सैल सोडायचं. एक लांब, सावकाश ओढ आली की घट्ट धरायचं. पाच-सहा वर्षं आम्ही अशीच कामं केली. समोरासमोर बसून बोललो नसू तेवढं आम्ही कापडातून बोललो.

तर — सात रस्ता चौकाकडं एक डॉक्टरबाई राहायच्या. पन्नाशीच्या, लग्न न केलेल्या. त्यांच्याकडं वडिलांच्या वेळची एक परदेशी गाडी होती. दोन दारांची, आणि टप उघडता येणारी. कंपनीचं नाव लिहीत नाही, जाणकारांना कळेलच. मंद्रूप गावच्या बाजाराच्या दिवशी बाई स्वतः ती गाडी चालवत तिकडं पेशंट बघायला जायच्या. हूड फाटून गेलं होतं, म्हणून गाडी कायम उघडीच. गावातली माणसं तिला 'बोडकी गाडी' म्हणायची. बाईंनाही त्याचं हसू यायचं. अडलेल्या बाळंतिणीसाठी निरोप आला की त्या तशाच उघड्या गाडीतून निघायच्या... पण पावसाळ्यात पंचाईत व्हायची.

त्या वर्षी त्यांच्या भावानं विलायतेहून हूडचं खास कापड पाठवलं. गडद निळं, रबराचं अस्तर असलेलं. तसं कापड तेव्हा सोलापुरात काय, मुंबईतही सहजी मिळत नव्हतं. एकच तुकडा. कापताना किंवा बसवताना बिघडला की संपलं.

आधी आम्ही आतलं काम केलं. सीटांमध्ये नवा काथ्या, वर कापूस, त्यावर मरून रेक्झिन आणि कडेनं क्रीम रंगाची पायपिंग. दारांचे पॅड नवे केले. बाईंच्या बाजूच्या दाराला स्टेथोस्कोप ठेवायला उस्तादांनी न सांगता एक खिसा काढला. तो बघून बाई म्हणाल्या, "गफूरभाई, हे माझ्या मनातलं कसं ओळखलंत?" उस्ताद नुसते हसले.

मग उस्तादांनी ते निळं कापड बेतलं. सगळी सकाळ नुसतं मापच घेत होते, खडूच्या रेघा मारत होते, पुसत होते. कात्री चालवली ती मात्र एका दमात. चाचींनी दोन दिवसांत शिवून दिलं. आता फक्त बसवायचं राहिलं... आणि दुसऱ्या दिवशी दुकानातच उस्ताद उभ्याचे खाली बसले. उजवं अंग गेलं. मी धावत जाऊन बाईंना बोलावलं. त्याच बोडक्या गाडीत, त्याच नव्या सीटवर घालून त्यांनी उस्तादांना दवाखान्यात नेलं.

जीव वाचला. पण उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. घशातून नुसता आवाज यायचा. भेटायला गेलो की ते डाव्या हाताची बोटं छातीवर ठोकायचे... टक-टक. त्यांना काय विचारायचंय हे मला कळायचं.

बाई म्हणाल्या, "दत्ता, राहू दे हूड. पावसाळ्यात मी एसटीनं जाईन."

"आणि रात्री-अपरात्री निरोप आल्यावर? तवा एसटी कुटली बाई?"

चाची मात्र मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "दत्तू, तुझ्या उस्तादनं कापलेलं कापड हाय ते. अधूरा नक्को छोडू रे."

आमच्या गल्लीतल्या एका कारागिराला मी मदतीला घेतलं. माणूस चांगला, पण त्याचा हात ट्रकच्या ताडपत्रीचा. असा हिसका द्यायचा की कापड डाव्या कोपऱ्यात चुरगळून बसलं. चुका उपसून काढाव्या लागल्या. कडेला भोकं पडली ती पडलीच. ती पुढं शिलाईपट्टीखाली झाकली असती म्हणा. पण आणखी एकदा उपसायची वेळ आली असती तर कडेची चाळणी झाली असती. मी त्याला चहा पाजला आणि घरी पाठवलं.

शेवटी ठरवलं, एकट्यानंच बघू. बाजाराचा दिवस होता, बाई एसटीनं मंद्रूपला गेल्या होत्या. त्यांच्या बंगल्याच्या गॅरेजमध्ये गाडी उभी होती — तोंड दाराकडं, पाठ भिंतीकडं. भिंत आणि गाडी यांच्यामधे एक माणूस उभा राहील एवढीच जागा. गॅरेजला दार एकच, आणि मी उभा होतो ते त्या दारातच, बॉनेटपाशी. दुपारच्या उन्हात कापड मऊ पडतं, नीट ताणलं जातं, संध्याकाळी आवळून बसतं — हे उस्तादांनीच शिकवलेलं. म्हणून वेळ दुपारची धरली.

मागच्या लाकडी पट्टीवर मी मधे एक आणि टोकांना एकेक अशा तीन चुका अर्धवट मारून कापड अडकवलं. मग पुढं आलो आणि काचेवरच्या पट्टीपर्यंत ते ओढायला लागलो. मनात म्हटलं, थोडं इथं ताणू, मागं जाऊ, तिथं ताणू, परत पुढं येऊ... असं करत करत जमवू.

दोन्ही हातांनी कापड धरलं होतं. आणि मागून दोन बारीक झटके आले.

मी सैल सोडलं.

हे मला नीट सांगता यायला पाहिजे... मी दचकलो नाही. विचारसुद्धा आला नाही. वर्षानुवर्षं झटका आला की हात सोडत आले होते, तसंच आताही सोडलं. मग एक लांब, सावकाश ओढ आली. मी घट्ट धरलं. मागून टक-टक. पुन्हा ओढ, पुन्हा टक-टक. डाव्या कोपऱ्याशी आलो तेव्हा मागून तीनचारदा सोड-धर, सोड-धर झालं आणि ती नडणारी चुणी माझ्या डोळ्यांदेखत पाण्यावरची लाट विरावी तशी विरून गेली. मीही माझ्या डब्यातल्या चुका पुढं ठोकत गेलो. मधे हूड उभं असल्यामुळं मागचं काही दिसत नव्हतं, आणि बघायची गरजही वाटली नाही. कामाला अशी लय लागली होती की मी चक्क शीळ घालत होतो.

शेवटची चूक मारली आणि मोठ्यानं म्हणालो, "झालं उस्ताद!"

आणि मग ध्यानात आलं — उस्ताद तर घरी खाटेवर आहेत.

तसाच बाजूनं मागं गेलो. मागं कुणी नव्हतं. भिंत होती, तिला टेकवलेली बाईंची जुनी छत्री होती. पण पट्टीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चुकांची ओळ होती. रेघ ओढावी तशी. मी बोट फिरवलं... बोट ओलं झालं. चुकांची डोकी ओली होती. थुंकीनं ओली असतात तशी. त्या उकाड्यात माझ्या डोळ्यांसमोर ती एकेक करून सुकत गेली.

मला एकच सुचलं — उस्ताद गेले. सायकल काढली आणि अशी हाणली की विजापूर वेशीपर्यंत कुणाकुणाला धडकता धडकता राहिलो, ते आठवत नाही. गल्लीत माणसं जमलेली दिसतील असं वाटत होतं. गल्ली शांत होती. दारात चाची बसल्या होत्या, पदरानं वारा घेत.

"चाची... उस्ताद?"

"सोये हैं आत्ताच. हळू बोल." मग माझा चेहरा बघून त्या उठल्या. "तुला कुणी सांगितलं?"

"काय सांगितलं?"

"दुपारचं रे. मी तर लई घाबरले." त्या मला आत घेऊन आल्या. उस्ताद खाटेवर झोपले होते, घामानं चिंब. श्वास मात्र शांत चालला होता. चाची कुजबुजत म्हणाल्या, "मी चादर घालायला गेले, तर त्यांनी टोक धरलं आणि ओढायला लागले. दोन्ही हातांनी, दत्तू! उजव्यानं पण! मला वाटलं झटका आला. मी दुसरं टोक धरून ठेवलं, तर कधी ओढायचे, कधी सोडायचे... किती वेळ चाललं होतं कुणास ठाऊक. पाणी द्यायला गेले तर तोंडच उघडेनात. ओठ असे घट्ट, आणि मान हलवून नको-नको. शेवटी चादर सोडली, मग तांब्याभर पाणी प्यायले आणि झोपले. हात बघ, परत तसाच पडलाय."

मी वाकून हात बघितला.

"आणि हे बघ ना," चाची म्हणाल्या. त्यांनी हलकेच उस्तादांची हनुवटी खाली ओढली. "जीभ कशी काळी पडलीय. औषधानं होतं का रे असं?"

बाईंना विचारतो, एवढंच म्हणालो.

संध्याकाळी बाई आल्यावर त्यांना सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. गॅरेजमध्ये जाऊन हूडच्या मागच्या बाजूला बराच वेळ उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "दत्ता, उन्हानं माणसाला भास होतात. तूच मागंपुढं करत ठोकलं असशील आणि आता आठवत नसेल."

"आणि त्यांचा हात, बाई? जीभ?"

"लुळा हात कधीकधी आपोआप हलतो. जिभेचं मला नाही सांगता येत." दुसऱ्या दिवशी त्या उस्तादांना तपासायला गेल्या. परत आल्यावर त्या विषयावर एक शब्द बोलल्या नाहीत.

जूनमध्ये जोराचे पाऊस झाले. बाई भर पावसात मंद्रूपला जाऊन आल्या, आत एक थेंब आला नाही. उस्तादांची वाचा तोवर थोडी परतली होती, तुटक बोलायचे. एक दिवस बाई गाडी घेऊन त्यांच्या गल्लीत आल्या — त्यांना फिरवून आणायला. सगळी गल्ली बघायला लोटली. माझ्या खांद्यावर भार देऊन उस्ताद गाडीभोवती फिरले. दारांचे पॅड बघितले, खिसा बघितला, डाव्या हाताची बोटं हूडवरून फिरवत पुढं आले. मागच्या बाजूनं जाताना त्यांनी मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. पण पुढं काचेवरच्या पट्टीशी थांबले, उजव्या कोपऱ्यात कापड चिमटीत धरलं आणि माझ्याकडं बघितलं.

"इधर... थोडा ढीला हाय, दत्तू."

तो कोपरा माझा होता. खरंच किंचित सैल होता, मलाही ठाऊक होतं.

"आणि मागचं, उस्ताद? तुमी मागचं बघितलंच न्हाय की."

मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"पीछे का... क्या देखना?" म्हणाले, आणि दार उघडून बाईंच्या शेजारी जाऊन बसले.

पुढं उस्ताद बरीच वर्षं जगले. त्यांच्या हाताला हातोडी धरण्याइतकी ताकद कधीच आली नाही. ते दुकानात खुर्ची टाकून बसायचे आणि मी काम करायचो. त्या दुपारबद्दल मी त्यांना पुन्हा काही विचारलं नाही. भीतीनं नव्हे, विचारावंसंच वाटलं नाही. एवढ्या वर्षांत उन्हाचा भास, मनाचे खेळ, योगायोग — सगळी उत्तरं मी स्वतःला देऊन बघितली. एकही उत्तर नीट बसत नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाकडं असलं तर सांगा, मी ऐकून घेईन.

नंतर मी पुष्कळ हूडं बसवली. मागं धरायला चांगले-चांगले कारागीर मिळाले. पण कापडाला पहिली ओढ आली की माझ्या हातांना लगेच कळायचं — हा दुसरा कुणीतरी आहे.