भर समुद्रात लग्न, पण मामाचं काय?

मित्रांनो, सकाळपासून आमच्या नाहूरच्या घरात जाम टेन्शन आहे. ताईला लग्न भर समुद्रात, चालत्या क्रूझवरच करायचंय. आई म्हणते, जहाज गोव्याच्या बंदराला लागलं की खाली उतरून करा. मी मधेच जहाजावरच्या स्विमिंग पूलचे फोटो बघत बसलो, म्हणून शिव्या खाल्ल्या.

अडचण मामाची आहे. लहानपणी होडी उलटल्यापासून तो बोटीत पाय ठेवत नाही.

"तू जा गं, मी किनाऱ्यावरून अक्षता टाकतो," मामा हसत म्हणाला.

ताई भडकली. "आणि मला बोहल्यावर कोण आणणार? कॅप्टन?"

मामाचं हसूच गेलं. तो उठून गॅलरीत जाऊन उभा राहिला.

बुकिंगवाल्याला संध्याकाळी उत्तर द्यायचंय. आत्ता ताईने मला हळूच विचारलं, "गोव्याला ट्रेनने जाता येतं ना रे?"

तुम्ही काय सोडलं असतं, समुद्र की मामा?