अप्पांची डावी मूठ

भुताखेतांचा विषय निघाला की चहा बघायच्या निमित्ताने उठून जाणारा मी माणूस. आज लिहितोय ते कुणी विश्वास ठेवावा म्हणून नाही... उलट कुणी मला समजावून सांगितलं तर बरं होईल.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. मी सोलापूरचा, पण बँकेत क्लार्क म्हणून लागलो आणि पहिलंच पोस्टिंग रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरच्या एका खेड्यात मिळालं. महिनाभरात अप्पा – माझे वडील – मला बघायला आले. सोबत कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि माझ्या लग्नाचा विषय.

आम्ही लिंगायत. अप्पांच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग असे. रोज आंघोळीनंतर ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, मगच पाण्याचा घोट. लिंग हरवलं तर जगून उपयोग नाही, असं मानणाऱ्यांतले ते. माझंही होतं, बारशाआधी अप्पांनीच स्वामींकडून बांधून घेतलेलं, पण कॉलेजपासून ते ट्रंकेत पडून होतं. मी स्वतःला सायन्सवाला समजायचो ना!

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा म्हणाले, "एवढं पाणी समोर हाय, पूजा तितंच करतो की."

समुद्र लांब मागे गेलेला, काळे खडक उघडे पडलेले. पार पुढच्या खडकावर अप्पा बसले. आम्ही दोघेही तलावाच्या गावचे. सकाळी पाणी जिथं दिसतं तिथंच ते संध्याकाळी असतं, एवढंच आम्हाला ठाऊक. भरती मी भूगोलात वाचली होती, पण परीक्षेपुरती.

पाणी अप्पांच्या मांडीला लागलं तरी त्यांचे डोळे मिटलेले. पूजेत हाक मारायची नाही ही आमच्या घरची शिस्त. देव मानत नव्हतो, पण शिस्त अंगात मुरलेली. मी चपला हातात धरून गप्प उभा राहिलो.

मग खडकाच्या कडेवरून काहीतरी वर आलं. मला वाटलं दोरखंड आहे... तो वळला, अप्पांच्या डाव्या मनगटाला गुंडाळला गेला. मागोमाग दुसरा, तिसरा. पाण्यात परातीएवढं तपकिरी डोकं आणि एक डोळा. ऑक्टोपस. त्याच्यामागे, जरा खोल पाण्यात, आणखी एक होता. तो याहून मोठा.

अप्पांनी हात झटकला नाही. झटकला असता तर लिंग पडलं असतं. एक टोक तळहातावर आलं आणि लिंग घेऊन गेलं. बस्स. मी काय केलं? काहीही नाही. चपला हातात तशाच. एका कोळ्यानं धावत येऊन अप्पांना ओढून काढलं तेव्हा पाणी छातीपर्यंत आलं होतं.

"आमच्याकडे माकूल गावतो," तो म्हणाला, "पण ओंजळीत मावंल एवढा. ह्यो आमी कधी बघलेला नाय."

अप्पांच्या मनगटावर गोल गोल लाल वळ उमटले होते. पण त्याचं त्यांना काहीच नव्हतं. ते पाण्याकडे तोंड करून वाळूत बसले. जेवायला बोलावलं की एकच शब्द, कन्नडमध्ये, "बेडा." नको. पाणीसुद्धा नको.

"अप्पा, स्वामी दुसरं देतील की. जेवा आता."

"गेलं ते माझं होतं रे. दुसरं घिऊन काय करू?"

दोन दिवस गेले. ओठ फुटले, बोलणं तुटक झालं. बाप डोळ्यांदेखत मरत होता आणि मी त्याच्या शेजारी नुसता बसून होतो. तिसऱ्या दिवशी पहाटे मी खोलीवर जाऊन ट्रंक उघडली, माझं लिंग काढलं, ओल्या वाळूत घोळवलं आणि ओहोटीच्या वेळी खडकांतून धावत आलो.

"अप्पा, सापडलं."

त्यांनी ते तळहातावर घेतलं. खूप वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं.

"व्हय. हेच की," म्हणाले. पूजा केली आणि माझ्या हातून पाणी प्यायले.

त्यांनी ओळखलं असेल का? विचारायची हिंमत मला झाली नाही.

पुढं दोन वर्षांनी अप्पा सोलापूरच्या घरी दुपारी, आमच्यासमोर, झोपेतच गेले. आमच्यात बसवून पुरतात आणि डाव्या हातात लिंग देतात. स्वामींनी त्यांच्या गळ्यातली डबी उघडून लिंग बाहेर काढलं. हात मात्र घट्ट मिटलेला होता. दोघांनी मिळून मूठ उघडली.

आत लिंग होतं. एका बाजूला किंचित कललेलं, लहानपणापासून मी रोज पाहिलेलं – अप्पांचं. तळहात ओला होता. मी बोट लावून जिभेला लावलं. खारट. आणि केव्हाच विरून गेलेले मनगटावरचे गोल वळ पुन्हा लालबुंद झाले होते.

सोलापूरपासून समुद्र किती लांब आहे ते मी सांगायला नको. डॉक्टरांना विचारलं, प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना विचारलं. कुणी हसलं, कुणी विषय बदलला. उत्तर आजही नाही.

त्या दुपारी स्वामींनी डबीतलं लिंग हातावर घेऊन सगळ्यांना विचारलं, "मग हे कुणाचं?"

मी पुढं झालो. "माझं," म्हणालो आणि मान खाली केली. स्वामींनी ते माझ्या गळ्यात बांधलं.