उपवासात सोडलेली गोळी

गोळी खाऊ नको असं देवी म्हणाली नव्हती. ते माझं मीच ठरवलं. घट बसले, अन्न सोडलं, पायातली चप्पल सोडली आणि वर फिटची गोळीही सोडली. उपाशीपोटी गोळी कशी घ्यायची? नऊ दिवस देवी बघून घेईल. तेव्हा मी पंचेचाळिशीची, गावची आशाताई. दारोदार फिरून बायांना सांगायची, एकही गोळी चुकवू नका गं. आता नातवंडं विचारतात, आजी तू लहानपणी खुळी होतीस का? लहानपणी नाही रे बाळांनो, मोठेपणी.

फिट येते हे गावात कुणाला कळू दिलं नव्हतं. लायसनच्या फॉर्मवर आजाराचा प्रश्न होता. 'नाही' लिहिलं, सही ठोकली. स्कूटीवर मी काय दिसायची. गॉगलसुद्धा घेतला होता बयेनं.

सातव्या माळेला गावातल्या सारिकाला स्कूटीवर मागं बसवलं. सातवा महिना, पाय सुजलेले. दसरा झाला की तिची टोळी ऊस तोडायला निघणार, त्याआधी तालुक्याला दाखवायचं होतं. शिरूरच्या अलीकडं माझा डावा हात आपोआप झटके द्यायला लागला. ही खूण मला ठाऊक होती. तिथंच थांबायला हवं होतं. मनात म्हटलं, शिरूर आलंच की आता.

पुढचं आठवत नाही.

शुद्ध आली तेव्हा नाकावर चप्पल होती. फेफरं आलेल्याला चामडं हुंगवायची आमच्याकडं रीत आहे. माणूस आपोआप शुद्धीवर येतो, नाव चपलेचं होतं. सारिकाच्या टोळीचा मुकादम चप्पल धरून बसला होता. जीपमधून मागून आलेला. मी डोळे उघडले, मान वळवली, तरी तो चप्पल काढेना.

"हुंग, आजून हुंग. लोकायला गोळ्या वाटती, आन सोताला फेफरं."

त्याची माणसं हसली. एकानं मोबाईल धरलेला. माझी साडी खाली ओली झाली होती, तेही त्यात आलं. सारिका रस्त्याकडेच्या चारीत बसली होती, कपाळ फुटलेलं, दोन्ही हात पोटावर. मी रांगत गेले. बाळ हलतंय का, विचारलं.

मुकादमाच्याच जीपमधून दवाखाना गाठला. बाळाचे ठोके सापडेनात. डॉक्टरीणबाई मशीन फिरवत राहिल्या. मी भिंतीला डोकं टेकून उभी, देवीचं नाव घ्यायची हिंमत नव्हती. मग सापडले. पण रक्तदाब लई वाढलाय, हिला उसाच्या फडात पाठवू नका, म्हणाल्या.

मुकादमानं मला बाहेर बोलावलं.

"तिच्या सासूला सांग, पोरीला कायी धोका न्हाई, जाऊ दे टोळीत. मंग ह्यो व्हिडिओ कुनाला दिसत न्हाई. तुजं काम बी राहील, गाडी बी."

मला मोह झाला. लिहायला लाज वाटते, पण झाला. मी विधवा, काम तेवढंच. एक शब्द बोलायचा होता, बस. मग आत पडद्यामागं सारिका रडायला लागली. तोंड दाबून.

म्हटलं, "दाखव. गावाला दाखव. सासूला मी खरंच सांगणार."

आत गेले आणि डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. फिट, गोळी, फॉर्म. त्या चिडल्या. उपवास असो नाहीतर लग्न, गोळी रोज घ्यायची. मी लिहून देईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही, म्हणाल्या. मी चावी त्यांच्या टेबलावर ठेवली.

व्हिडिओ गावभर फिरला. लेकरं चप्पल नाकाला लावून माझ्या मागं यायची. मी पायी फिरले. फिरतच राहिले. पुन्हा कुणी चप्पल घेऊन वाकला तर त्याचा हात धरीन. आणि माझं फेफरं कुणापासून लपवणार नाही.

दवाखान्यातून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी चालत सारिकाच्या घरी गेले होते. सासूला सांगितलं, पाठवू नका. मग सारिकाला गोळीचं सांगितलं.

"कावून सोडली?" तिनं विचारलं.

उपवास होता, म्हटलं.

"मुकादमानं चप्पल हुंगवली, ते त्याचं पाप. पन गोळी सोडून मला मागं बसवलं ते तुमी केलं, मावशी. डाक्टरनं लिहून द्यायच्या आधी गाडीवर दिसलात, तर म्या रस्त्यात आडवी हुईन."