मुडद्याला वाक्य नसतं

आमच्या नाट्यमंडळातले जुने तिघे-चौघे कुठे भेटले, की चहा यायच्या आत कोणीतरी म्हणतंच, "अण्णाचा तो चादरीचा सांग!" चादरीचा सांगून होतो न होतो तोच बटणाचा आठवतो. असे किस्से कोणी ठरवून जमवत नाही. घडतात तेव्हा ते अपमान असतात. काही वर्षं गेली, की त्यांचे किस्से होतात!

मी मंडळाचा प्रॉम्प्टर. विंगेत बसून दुसऱ्यांची वाक्यं सांभाळणं हे माझं काम. शाळा सातवीत सुटली. पुढचं मराठी नाटकांनीच शिकवलं आणि रोजनिशी लिहायची सवयही त्यातूनच लागली. त्यामुळे कोण काय बोललं, यात मी सहसा चुकत नाही.

अण्णा गायधनी हा आमचा मुख्य नट. दिवसभर सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळायचा आणि संध्याकाळी राजा, वकील, दारुडा, काय म्हणाल ते व्हायचा. पुढे नाशकात घराघरांवर अँटेना आल्या आणि आमच्यासमोरच्या खुर्च्या रिकाम्या पडू लागल्या. तेव्हा अण्णाने एकच ध्यास घेतला. टीव्हीवर एक वाक्य बोलायचं. फक्त एक!

"गावाला कळू दे भाऊ, मी अजून आहे," तो म्हणायचा.

*

त्या वेळी मुंबईच्या खून-तपास पथकावर एक मालिका लागायची. दर आठवड्याला एक खून, तीन डिटेक्टिव्ह आणि अर्ध्या तासात खुनी हजर! तिच्या दिग्दर्शकाने कधीतरी स्पर्धेत आमचं नाटक पाहिलं होतं. एक दिवस त्याचा निरोप आला, अनुभवी माणसं हवीत.

अण्णा, आमचा विनोदी नट विलास पगारे आणि मी एसटीने निघालो. कसाऱ्याचा घाट उतरेपर्यंत अण्णा इन्स्पेक्टरच्या आवाजात आमची उलटतपासणी घेत होता.

सेटवर देसाई नावाचा प्रॉडक्शन मॅनेजर होता. त्याने अण्णाला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"गायधनी तुम्ही? झोपा."

"कुठे?"

"इथं, जिन्यात. तुमचा खून झालाय."

अण्णाने विचारलं, "आणि माझं वाक्य?"

"मुडद्याला वाक्य नसतं हो! आधी मरा, बोलायचं मग बघू."

मुंबईचे नट मुडदा व्हायला तयार नव्हते. अशुभ वाटायचं त्यांना. विलास म्हणाला, "मग आम्हाला नाही का वाटत?"

देसाई हसला. "तुम्ही नाशिकचे ना? मेलेल्यांची सोय तुमच्या गावाइतकी चांगली कुठे असते?"

*

अण्णा मेला, आणि तोही मनापासून. शॉटच्या आधी त्याने दिग्दर्शकाला गाठलं.

"साहेब, माझा खून कोणी केला?"

"तुम्हाला कशाला हवंय? तुम्ही मेलात ना!"

"तसं नाही. मारणारा ओळखीचा असेल, तर डोळ्यांत विश्वासघात हवा. अनोळखी असेल, तर नुसती भीती."

दिग्दर्शकाने कॅमेरामनकडे पाहिलं. कॅमेरामन म्हणाला, "चेहऱ्यावर चादर आहे, अण्णा."

*

दुसऱ्या वेळी विलासचाही नंबर लागला. एकाच घरात दोन खून होते. अण्णाने श्वास रोखला, मान जिवाच्या आकांताने वाकडी धरली. तरी तीनदा कट झालं, कारण पापणी हलली.

विलासची आदल्या दिवशी कारखान्यात डबल ड्युटी झाली होती. तो आडवा झाला आणि सरळ झोपी गेला. पहिल्याच टेकमध्ये ओके! दिग्दर्शकाने सगळ्या युनिटसमोर अण्णाला सांगितलं, "याला म्हणतात सहजता. शिका जरा!"

विलासला उठवून ही तारीफ सांगावी लागली. परतीच्या एसटीत अण्णा खिडकीबाहेर बघत होता. इगतपुरी गेल्यावर एवढंच म्हणाला, "भाऊ, वीस वर्षं तालमी केल्या रे आपण."

*

मालिका लागली, की अण्णाची बायको, मालतीवहिनी, स्वयंपाकघरात जाऊन बसायची. सौभाग्यवती बाईने नवऱ्याचं प्रेत बघायचं तरी कसं? तपास सुरू झाला, की मुलगी हाक मारायची, "आई, ये आता. बाबांना नेलं."

पुढे आळीलाही सवय झाली. शेजारच्या बाई गच्चीवरून विचारायच्या, "वहिनी, काल भाऊजी कशाने गेले?"

"गळा दाबून."

"बरं झालं बाई. मागल्या खेपेला फार रक्त होतं!"

वहिनी हसायची. मग आत जाऊन कपाळावरचं कुंकू पुन्हा ठळक करायची. हे मी एकदा पाहिलं आणि पुन्हा त्या वेळी त्यांच्या घरी गेलो नाही.

*

अण्णा जिन्यात मेला, गोदीत मेला, टॅक्सीत मेला, लॉजमध्ये मेला. कधी मिशी लावून, कधी काढून. रविवार कारंज्याजवळच्या आमच्या पानवाल्याने एकदा पानाला चुना लावता लावता मत दिलं:

"तुमचा इन्स्पेक्टर अगदी बावळट आहे हो! एकाच माणसाचा चार वेळा खून होतो, आणि त्याला संशयसुद्धा येत नाही!"

सगळे खो खो हसले. अण्णाही हसला. पान मात्र तसंच हातात धरून घरी गेला.

*

पुढचा किस्सा हसायचा नाही, पण मोजताना तो याच माळेत येतो.

गंगापूर रोडच्या बाजूला कालव्यात खरंच एक प्रेत सापडलं. पंचनाम्याला दोन साक्षीदार हवे होते आणि लोक नेहमीप्रमाणे पांगले. हवालदाराने नेमकं अण्णाला ओळखलं.

"चला ना अण्णा, पंच म्हनून. तुमाला लय सवय हाय."

मेलेला माणूस कोणी मजूर होता. नाव, गाव काही कळलं नाही. अण्णा परत आला. नंतर मला म्हणाला, "भाऊ, मी चुकत होतो. मूठ आवळलेली नव्हती त्याची. बोटं अशी सैल होती, जणू कोणी हातातलं काढून घेतलंय आणि याने घेऊ दिलंय."

पुढच्या शूटिंगला त्याने हात तसाच ठेवला. मला विंगेत बसायची सवय, पण त्या दिवशी मीसुद्धा नजर वळवली, इतकं ते खरं होतं.

दिग्दर्शक ओरडला, "मूठ घट्ट! घट्ट आवळा! खुन्याच्या कोटाचं बटण कुठे ठेवू मी?"

*

मेल्याचा शॉट झाला, की त्या नटाने उठून कॅमेऱ्याकडे बघून हसायचं, म्हणजे अशुभ टळतं, असा तिथला रिवाज होता. ते हसू कोणाला दाखवत नाहीत, कापून टाकतात, असं आम्ही समजायचो.

एकदा अण्णा उठला, पण हसला नाही. त्या भागात इन्स्पेक्टरला खुन्यासमोर एक मोठं भाषण होतं आणि मुंबईचा नट सकाळपासून त्यात अडखळत होता. अण्णाने ते पडल्या पडल्या ऐकून पाठ केलं होतं. छातीला लाल रंग फासलेला, कपाळाला जखम, अशा अवस्थेत त्याने ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हटलं. लाइटवाले हातातलं काम थांबवून ऐकत राहिले. संपल्यावर टाळ्या पडल्या. मुंबईचा नट उठून बाहेर गेला.

अण्णा कॅमेरामनजवळ गेला. "आलं ना सगळं नीट?"

कॅमेरामन भला माणूस होता. त्याने खाली बघून सांगितलं, "अण्णा, हसण्यासाठी आम्ही फिल्म वाया घालवत नाही. नुसतेच समोर उभे राहतो. कॅमेरा बंदच असतो."

*

दिग्दर्शकाने मात्र ते भाषण कोपऱ्यातून ऐकलं होतं. महिन्याभराने देसाईचा निरोप आला, या वेळी वाक्य आहे.

खून झालेल्या मुलाचा बाप. समुद्रकाठी उभा राहून तो इन्स्पेक्टरला म्हणतो, "साहेब, त्याला कोणी मारलं ते राहू द्या. जाताना तो कोणाला हाक मारत होता, तेवढं सांगा."

अण्णाने ते माझ्यासमोर कितीतरी प्रकारे म्हणून पाहिलं. शेवटी समुद्रावर एकदाच म्हटलं. इन्स्पेक्टर झालेला नट पुढचं वाक्य विसरला, असं झालं ते!

मालिका लागायच्या दिवशी अण्णाच्या घरात सगळं मंडळ जमलं. मालतीवहिनी पहिल्यांदाच समोर येऊन बसली. अण्णाची आई देवळालीहून धाकट्या मुलाकडून मुद्दाम आली होती. म्हातारीला एका आजारपणानंतर काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. ओठांवर नजर ठेवून ती बोलणं समजून घ्यायची. तिला टीव्हीच्या अगदी पुढे पाटावर बसवलं.

समुद्र दिसला. अण्णा दिसला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. वहिनीने "श्श्" केलं. अण्णाचे ओठ हलले.

आवाज दुसऱ्याचाच होता.

कोणातरी तरुण माणसाचा, गुळगुळीत, बातम्या देणाऱ्यासारखा. समुद्रावर लाटांच्या गोंगाटात घेतलेल्या शॉटचे संवाद नंतर मुंबईत स्टुडिओत पुन्हा भरतात आणि त्यासाठी नाशिकहून एका वाक्याच्या माणसाला कोण बोलावतं, हे आम्हाला मागाहून कळलं. त्या क्षणी एवढंच दिसलं, की तोंड आपल्या अण्णाचं आहे आणि बोलतंय भलतंच कोणी. विलास टीव्ही बंद करायला उठला.

"राहू दे," अण्णा म्हणाला.

कोणी कोणाकडे बघेना. वहिनीने पदर तोंडाशी नेला. तेवढ्यात म्हातारी पाटावरून वळली. तिने लेकाच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि न ऐकू येणारी माणसं बोलतात तशी मोठ्याने म्हणाली:

"आवाज चांगला लागला रे! शेवटचा शब्द मात्र खाल्लास."